उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावयाचे ठरले, तेव्हा बहुतेक भगिनींनी संतांची आणि राण्यांची नावे सुचविली. मी मात्र एका कारखानदाराचे नाव घेतले. आपल्या आहुप्याच्या रानातून बाया हिरडा गोळा करतात, वाळवतात, डोक्यावरून वाहून आणतात. पण त्याचा भाव दुसरेच कोणी ठरवितो. नाचणीचेही तेच. मंडळाने एखादा लहानसा उद्योग काढावा, अशी गोष्ट निघाली की ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असा सूर लगेच उमटतो. म्हणून हे चरित्र.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे काढण्यात आणि यंत्रे उघडून पाहण्यात या मुलाचे मन अधिक रमे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंगांतील फरक आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. चित्रकाराला याहून मोठे संकट कोणते? लक्ष्मणराव खचले नाहीत. ज्या चित्रांना रंग लागत नाही ती यंत्रांची रेखाचित्रे त्यांनी हाती घेतली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले.

त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. नोकरी सांभाळून लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकीत. घेणाराला बसावयासही शिकवीत. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ 1888 सालचा मानतात, तो या सायकलीच्या दुकानापासून. पुढे हक्काची बढती हिंदी माणूस म्हणून नाकारली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगाव गाठले.

सायकली दुसऱ्याने केलेल्या. आपण स्वतः काही घडवावे, ही त्यांची तळमळ होती. आपल्याकडे बहुसंख्य लोक शेतकरी, तेव्हा त्यांच्या उपयोगाचे काही करावे, असा साधा विचार त्यांनी केला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. आपल्या डोंगरउतारावरच्या खाचरांना हलका लाकडी नांगर पुरतो. पण देशावरच्या काळ्या जमिनीत हरळी खोल रुजलेली असते. लाकडी नांगर वरची माती खरवडतो, लोखंडी नांगर ती खालवर उलथतो आणि हरळीची मुळे उन्हात काढतो. गुण उघड होता, तरी नांगर खपेनात! लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

मला या चरित्रातील हाच भाग मोलाचा वाटतो. शेतकऱ्याला अडाणी म्हणून दोष देत लक्ष्मणराव बसले नाहीत. त्याची शंका फिटेपर्यंत धीर धरला आणि माल अधिक चांगला करीत राहिले. एकदा शेतात गुण दिसला की शेजारचा शेतकरी आपण होऊन येतो.

बस्तान बसते आहे तोच बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली आणि ती सोडणे भाग पडले. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्जाऊ त्यांनी दिले. माळ कसला, निवडुंगाचे रान आणि सापांचे माहेरघर! 1910 साली लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि थोडे सहकारी बायकामुलांसह तेथे राहावयास गेले. निवडुंग तोडून कारखाना उभा राहिला आणि भोवती वसाहत वसली; तीच किर्लोस्करवाडी. अशा उजाड माळावर संसार मांडणे सोपे नव्हे. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांनी तो मांडला, म्हणून पुरुषांना भट्टीपाशी उभे राहता आले. चरित्रांतून हे ओझरते येते; आपण बायकांनी तरी ते विसरू नये.

या वसाहतीत शिवाशीव पाळावयाची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी विश्वासाने काम दिले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असा माल निघू लागला. 1920 साली मंडळी कंपनीच्या रूपात नोंदली गेली. त्याच साली शंकरराव किर्लोस्करांनी काढलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे नामांकित मासिक झाले आणि 1930 साली त्यांनी खास स्त्रियांसाठी ‘स्त्री’ मासिक सुरू केले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले. 1946 साली पुण्यास तेल इंजिनांचा आणि बंगळुरास विजेच्या यंत्रांचा असे दोन उद्योग उभे राहिले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आज घोडेगाव-मंचरकडे मळ्यांतून जाताना पंपावर हे नाव दिसते, तेव्हा मागे केवढा उद्योग आहे हे कळते. पण त्याच्या मुळाशी सायकलीचे एक दुकान आणि न खपलेले नांगर आहेत, हे दिसत नाही. भांडवल त्यांच्याजवळही थोडेच होते. भोवतालच्या माणसांना काय हवे हे ओळखणे, माल चोख देणे आणि लोकांचा विश्वास बसेपर्यंत टिकून राहणे, एवढीच त्यांची पुंजी.

हिरडा निवडून, प्रत लावून, सर्वांचा एकत्र विकणे किंवा नाचणीचे पीठ-पापड नीट बांधून बाजारात नेणे हे नांगर घडविण्याइतके अवघड नाही. पहिल्या वर्षी खप झाला नाही तर दोष कोणाचा, यावर भांडत न बसता दुसऱ्या वर्षी पापड अधिक चांगला करावयाचा, एवढा निश्चय मात्र हवा. येत्या वर्षी मंडळाने तो करावा, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.