दूध सोडलेले गांधीजी, शेळी आणि अहमदाबादचे साठ कुत्रे

दूध, तूप, मध, चामडं असं सगळं सोडलेल्या व्हीगन माणसाच्या घरात मांजर दिसली की एक प्रश्न हमखास येतो. तिला खायला काय घालता?

प्रश्न खोचक असला तरी खरा आहे. मांजर मुळातच मांसाहारी. तिला लागणारं टॉरिन तिचं शरीर पुरेसं तयार करत नाही, ते मांसातून मिळतं. टॉरिन वरून घातलेलं शाकाहारी खाद्य बाजारात आहे, पण त्यावर पशुवैद्यांचं एकमत नाही. म्हणजे एका जीवावर माया करायची तर दुसऱ्या जीवाचा बळी चालवून घ्यायचा का? आणि प्राणी माणसाच्या मालकीचे नसतात असं मानायचं, तर ते पाळायचे तरी कशाला?

व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. पण त्याच्या ३२ वर्षं आधी दूध सोडलेला एक माणूस आपल्याकडे होता आणि असल्याच पेचांची उत्तरं त्याला सगळ्या देशासमोर द्यावी लागली. तो माणूस म्हणजे महात्मा गांधी.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. घर कट्टर शाकाहारी. पण राजकोटला शाळेत असताना एका मित्राच्या नादाने त्यांनी चोरून बोकडाचं मांस खाल्लं. त्या रात्री पोटात जिवंत बोकड ओरडतोय असं वाटून त्यांना झोप लागली नाही, हे त्यांनीच पुढे आत्मकथेत लिहिलं. १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला लंडनला जाताना मांस खाणार नाही असा शब्द त्यांनी आईला दिला. तिथे हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक हाती लागलं आणि आतापर्यंत आईसाठी पाळलेला नियम त्यांचा स्वतःचा झाला. आई मांसात अंडंही धरते, म्हणून अंडं घातलेले पदार्थही त्यांनी बंद केले.

१९०२ मध्ये ते कलकत्त्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे महिनाभर राहिले. तेव्हा कालीघाटावर बळी द्यायला नेत असलेली मेंढरं त्यांनी पाहिली. कोकराचा जीव माणसाच्या जिवापेक्षा स्वस्त नाही, ही खूणगाठ तिथे पक्की झाली.

दूध सुटलं ते दक्षिण आफ्रिकेत. गायी-म्हशींचं शेवटच्या थेंबापर्यंत दूध काढण्यासाठी कलकत्त्यात फुंका नावाचा क्रूर प्रकार चालतो, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. दुधाने वासना चाळवतात असंही त्यांना वाटत होतं. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आणि मित्र हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडलं.

हे सहा वर्षं निभावलं. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांना जबर आमांश झाला. माथेरानला हवापालट करून पाहिला, उपयोग झाला नाही. मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही. गांधीजींनी व्रत पुढे केलं. शेजारी असलेल्या कस्तुरबांनी तोड काढली. फुंका गायी-म्हशींवर चालतो ना? मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे?

गांधीजींनी ते मानलं. पण नंतर त्यांनी स्वतःला सूट दिली नाही. व्रताचे शब्द पाळले, पण व्रताचा आत्मा सोडला, आणि तोही जगण्याच्या मोहापायी, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलं. दुधाला पर्याय शोधत राहिले, तो मिळाला नाही. शेळीचं दूध आणि ही बोच दोन्ही शेवटपर्यंत राहिली.

हा झाला स्वतःच्या पथ्याचा प्रश्न. दुसऱ्या जिवाचा प्रश्न आला १९२६ मध्ये. त्या वर्षी ते बहुतेक काळ साबरमती आश्रमातच होते. अहमदाबादचे मोठे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारात फिरणारे साठ भटके कुत्रे मारवले. शहरात आधीच कुत्रं चावलेल्यांची संख्या मोठी होती. गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली असं कळल्यावर जीवदया मंडळींनी त्यांना जाब विचारला. त्यावर गांधीजींनी यंग इंडियात लेखमालाच लिहिली.

त्यांचं म्हणणं असं होतं. कुत्रा माणसाचा इमानी सोबती आहे. तो गल्लोगल्ली उष्ट्यावर जगतो, ही समाजाला लाज आणणारी गोष्ट आहे. रस्त्यात पोळीचा तुकडा टाकणाऱ्याला पुण्य लागत नाही. त्याने कुत्रा घरी न्यावा, त्याचं खाणंपिणं, आजारपण आणि वागणूक आपली मानावी. ते जमत नसेल तर पांजरपोळासाठी पैसे द्यावेत. आणि यातलं काहीच कोणी करणार नसेल, तर पिसाळलेल्या कुत्र्याला मारणाऱ्यालाच दोष देऊन आपण सुटत नाही.

संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. मारण्याचं त्यांचं समर्थन आजही अनेकांना पटणार नाही आणि ते पटायलाच हवं असं नाही. आज नसबंदी आणि रेबीजची लस हा मार्ग आहे, आपले नियमही त्यावरच उभे आहेत. पण या कुत्र्याचं पालकत्व कोणाचं, हा त्यांचा प्रश्न शंभर वर्षांनीही प्रत्येक सोसायटीच्या गेटवर उभा आहे.

दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, वेळ त्यांच्याच अंगणात आली. आश्रमातलं एक वासरू जबर जखमी होऊन तळमळत होतं. वाचण्याची आशा नव्हती, कूस बदलायला गेलं तरी वेदना. आश्रमात चर्चा झाली. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घ्यायचा हक्क आपल्याला नाही, असं एका सदस्याने ठणकावलं. गांधीजींनी ऐकून घेतलं आणि तरीही डॉक्टरांकडून विषाचं इंजेक्शन देववलं. स्वतः तिथे उभे राहिले. पुन्हा गदारोळ उठला. या वेळी तर गोहत्येचा आरोप झाला. त्यांचं उत्तर एवढंच होतं की आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून मुक्या जिवाला तडफडत ठेवणं ही अहिंसा नव्हे.

पुढे ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले. तिथे गोसेवेचं काम उभं राहिलं आणि नालवाडीच्या चर्मालयात मेलेल्या जनावरांचं कातडं कमावलं जाऊ लागलं. आजच्या व्याख्येने ते व्हीगन ठरणार नाहीत. प्राण्यांशी नातं तोडण्याऐवजी त्यांनी नात्याचा हिशेब मागितला.

या हिशेबात सुरुवातीच्या मांजरीचा प्रश्न बसवून पाहता येतो. गांधीजींनी तिच्याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही, पण त्यांच्या निर्णयांतून एक धागा दिसतो. व्रत आपलं असेल तर त्याचा त्रासही आपणच सोसायचा, जसा दुधाबाबत त्यांनी सोसला. मांजरीने कसलंही व्रत घेतलेलं नाही. म्हणून हौसेखातर दुकानातून विकत आणलेलं पिल्लू आणि रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू यांत फरक पडतो. पहिल्यात आपण नवी गरज निर्माण करतो, दुसऱ्यात आधीच असलेली गरज पत्करतो. आणि एकदा पत्करली की तिच्या ताटात तिला मानवेल तेच पडायला हवं. त्याची टोचणी आपल्याला लागली, तर ती लपवू नये.

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी, प्रार्थनेला निघण्यापूर्वी गांधीजींनी शेवटचं जेवण घेतलं. त्यातही शेळीचं दूध होतं.