अंकांचा सोबती

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या पाहा. एकापासून नवापर्यंत अंक जणू पायऱ्या चढतात आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा खाली उतरतात. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येला तिनेच गुणले, की हा सतरा अंकी गुणाकार येतो. हिला 'डेम्लो संख्या' म्हणतात. हे नाव ठेवणारे गृहस्थ एक शाळामास्तर होते. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली व वडिलांनीच त्यांस वाढविले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाची आवड होती. त्यांच्या आकडेमोडीमुळे मुलासही अंकांची गोडी लागली. ठाण्यास शालेय शिक्षण संपवून कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली त्यांस स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शिक्षक होते.

मुंबईहून कल्याणकडे जाताना डोंबिवली स्थानक लागते. त्याला पूर्वी डेम्लो म्हणत. तेथे कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना दिले.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव ठेवले. वरच्या सतरा अंकी संख्येतील अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ने पूर्ण भाग जातो. म्हणजे तीही हर्षद आहे! १५मध्ये तिचेच अंक १ व ५ मिळविले, की २१ होतात. परंतु २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून मिळत नाही. अशा संख्यांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करा. ३५२४ घेतल्यास प्रथम ३०८७, मग ८३५२, आणि शेवटी ६१७४ येते. कोणतीही संख्या घेतली, तरी सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ गाठलीच जाते. कापरेकरांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत हे मांडले.

पण पुष्कळ विद्वानांना हा पोरखेळ वाटे. ते हसत. कापरेकर खचले नाहीत. त्यांनी आपल्या पुस्तिका स्वतः छापून घेतल्या. निवृत्तिवेतन अपुरे पडे, तेव्हा त्यांनी शिकवण्या केल्या; अंकांची संगत मात्र सोडली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्या संख्यांवर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर पोचले.

१९८६ साली कापरेकर निवर्तले. आज ६१७४ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. हा शोध पडताळण्यास प्रयोगशाळा लागत नाही. पाटी आणि पेन्सिल पुरते. विद्यार्थ्यांनो, आपल्या जन्मवर्षाचे चार अंक घ्या आणि किती वजाबाक्यांत ६१७४ येते, ते पाहा.