व्हार्निशचा तिसरा हात

या स्मरणिकेत बहुतेक जण आपल्या सरांबद्दल आणि बाईंबद्दल लिहितील, आणि ते योग्यच आहे. मी मात्र एका सुताराबद्दल लिहितो आहे. ते डेन्मार्कचे, नाव ओले किर्क ख्रिश्चन्सन. आपल्या नातवंडांच्या लेगोच्या डब्यातून ते आपल्याही घरात आले आहेत.

जन्म १८९१ चा, घरची गरिबी. थोरल्या भावाच्या हाताखाली ते सुतारकाम शिकले. १९१६ मध्ये बिलुंड या लहान खेड्यात त्यांनी सुतारकामाचा कारखाना विकत घेतला आणि आसपासच्या शेतकऱ्यांची कामे करू लागले. १९२४ मध्ये दोन मुलांच्या हातून लाकडाच्या ढलप्यांनी पेट घेतला. घर आणि कारखाना दोन्ही जळाले. त्यांनी दोन्ही पुन्हा उभे केले.

१९३२ साल सर्वांत कठीण गेले. मंदीमुळे कामे थांबली आणि त्याच वर्षी पत्नी क्रिस्टीन वारल्या. पदरी चार मुलगे. मग मोठी कामे नाहीत तर छोटी, म्हणून ते शिड्या, इस्त्रीचे टेबल आणि लाकडी खेळणी करू लागले.

तिसरा मुलगा गॉटफ्रेड लहानपणापासून हाताशी होता. एकदा त्याने लाकडी बदकांना व्हार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले, माल स्टेशनवर पोचवला आणि खर्च वाचवल्याचे आनंदाने वडिलांना सांगितले. वडिलांनी खोकी परत आणायला लावली. तिसरा हात देऊन, पुन्हा बांधून, सगळे त्यानेच एकट्याने, रात्र झाली तरी पुरे करायचे होते. गिऱ्हाइकाला फरक कदाचित कळलाही नसता. घरात पैशाची ओढ होती. तरीही हे घडले, म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते.

१९४२ मध्ये कारखाना पुन्हा जळाला, पुन्हा उभा राहिला. १९५८ च्या जानेवारीत गॉटफ्रेडने एकमेकांत घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. मार्चमध्ये वडील गेले.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांनी मुलांसाठी घर, जमीन, ठेवी केल्या. या सुताराने धंदा सोपवण्याआधी मुलाला तिसरा हात द्यायला शिकवले. आपल्या गुरुजनांनीही शुद्धलेखनाच्या वह्या पुन्हा लिहायला लावून आपल्याला तेच दिले. आता नातवंडांना ते देण्याची पाळी आपली आहे.