विद्यार्थिदशेंतील दाता : फ्रेडरिक ओझानाम

सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचें नांव आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ती स्थापन करण्यांत जो पुढें होता तो कोणी धनिक नव्हता कीं वयोवृद्ध धर्मगुरु नव्हता. बापाच्या पैशावर शिकणारा तो एक विद्यार्थी होता, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असेल.

फ्रेडरिक ओझानाम ह्याचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजीं मिलान शहरीं झाला. बाळपण फ्रान्सांतील लिऑं येथें गेलें. वडील डॉक्टर, गोरगरिबांस ते पुष्कळदा फुकट औषध देत. १८३१ सालीं फ्रेडरिक कायदा शिकण्यासाठीं पॅरिसला आला. पुढल्याच वर्षीं तेथें पटकीनें हजारों बळी घेतले.

विद्यार्थ्यांच्या वादसभेंत तो धर्माची बाजू हिरिरीनें मांडी. एकदां प्रतिपक्षानें विचारलें कीं, ख्रिस्तसभेनें पूर्वीं थोर कामें केलीं हें खरें, पण आज तुम्ही काय करीत आहां? हा प्रश्न त्याच्या जिव्हारीं लागला. तो आणि त्याचा मित्र ल तायांदिए, दोघे आपलें हिवाळ्यांतलें उरलेलें सरपण घेऊन एका गरिबाच्या दारीं गेले. स्वतःच्या शेगडींतलें लांकूड दुसऱ्याच्या चुलींत गेलें, एवढेंच त्या मोठ्या संस्थेचें आदिदान !

२३ एप्रिल १८३३ रोजीं, त्याच्या विसाव्या वाढदिवशीं, बायी नांवाच्या वडीलधाऱ्या गृहस्थाच्या आश्रयानें सहा विद्यार्थ्यांची पहिली सभा भरली. मुफ्तार भागांतील दरिद्री कुटुंबांची वाट त्यांना धर्मभगिनी रोझाली रांद्यू हिनें दाखविली. सभेच्या शेवटीं वर्गणी गुप्तपणें गोळा होई. कोणीं किती दिलें हें कोणास कळत नसे. (आपल्या पुस्तिकेच्या शेवटीं देणगीदारांची यादी छापावयाची आहे, म्हणून हें लिहितांना किंचित् संकोच वाटतो.)

दानधर्मापायीं त्यानें अभ्यास मात्र सोडला नाहीं. १८३६ सालीं कायद्याची व १८३९ सालीं साहित्याची डॉक्टरकी त्यानें मिळविली. १८३७ सालीं एका गरीब रोग्यास पाहावयास गेले असतां जिन्यावरून पडून वडील वारले, तेव्हां आईसाठीं तो लिऑंला परतला. स्वतःच्या पोटाला चिमटा घेणें एक, आणि आईच्या ताटांतला घांस दुसऱ्यास देणें निराळें. हा भेद तो जाणत होता. पुढें तो पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठांत प्राध्यापक झाला. १८४१ सालीं आमेली सुलाक्रवा हिच्याशीं त्याचा विवाह झाला. मिळकतीचा सुमारें दहावा हिस्सा गरिबांसाठीं निराळा काढण्याचा त्याचा परिपाठ असे.

१८५२ च्या नववर्षदिनाची हकीकत ऐका. एका पूर्वीं सुखवस्तु असलेल्या कुटुंबानें आपलें खणांचें कपाट गहाण टाकलें होतें. वैभवाची तेवढीच खूण उरली होती. तें सोडवून द्यावें असें फ्रेडरिकच्या मनांत आलें, पण पत्नीनें खर्चाची अडचण समजावून सांगितली व तो गप्प राहिला. तिचें म्हणणें गैरवाजवी नव्हतें. घर तिला चालवावयाचें होतें. संध्याकाळीं तो भेटीगांठी आटोपून परतला, तों सहा वर्षांच्या मारीपुढें नव्या खेळण्यांचा ढीग पडलेला. त्याचा चेहरा उतरला. मिठाईहि त्यानें तोंडांत घातली नाहीं. कारण कळतांच आमेलीनेंच त्याला आग्रह केला. तो तसाच उठला, पैसे भरून कपाट सोडविलें, त्या घरीं पोंचतें केलें आणि हंसतमुखानें परतला.

८ सप्टेंबर १८५३ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मार्सेल्स येथें तो प्रभूच्या घरीं गेला. मारी तेव्हां आठ वर्षांची होती. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पॅरिसांत पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं त्यास धन्यवादित म्हणून घोषित केलें.