बंगळूरचे मत आणि यशवंतराव चव्हाण

लालबागेतील काचघर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. हेब्बाळहून सारे शहर ओलांडून मुलाबाळांसह आपण तेथे पुष्पप्रदर्शनाला जातो. याच काचघरात जुलै १९६९ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले होते. त्या दिवसांत या शहरात एका मराठी माणसाने दिलेल्या मताचा परिणाम दिल्लीच्या राजकारणावर झाला आणि त्याच्या स्वतःच्या आयुष्यावरही झाला.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या खेड्यात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. आई विठाई यांनी कष्ट करून मुलांना वाढवले. कऱ्हाडचे टिळक हायस्कूल, कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, मध्ये तुरुंगवास, नंतर पुण्यात वकिलीचे शिक्षण आणि बेचाळीसचा भूमिगत लढा, हा प्रवास मराठी वाचकाला परिचित आहे. १९५६ मध्ये भाऊसाहेब हिरे यांचा पराभव करून ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि चिनी आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. १९६६ पासून ते गृहमंत्री होते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. नव्या राष्ट्रपतिपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरविण्याचा अधिकार काँग्रेसच्या आठजणांच्या संसदीय मंडळाकडे होता. अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या महाअधिवेशनात कोणत्याही उमेदवाराशी बांधले न गेलेले, केवळ पक्षातील स्थानामुळे मताधिकार मिळालेले प्रतिनिधी असतात. चुरस असल्यास पहिल्या फेरीत त्यांनी मत देऊ नये, असा नियम त्या पक्षाने २०१८ मध्ये केला. थोड्या वजनदार माणसांनी सर्वांचा कौल फिरवू नये, हा त्यामागचा हेतू होय. आपल्याकडे तर सारी निवडच अशा आठजणांच्या हाती होती.

बंगळूरला १२ जुलै रोजी मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधी आणि फक्रुद्दीन अली अहमद यांचा कल जगजीवनराम यांच्याकडे होता. मोरारजी देसाई, कामराज व स. का. पाटील हे नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूचे. यशवंतराव कोणत्याच गटाचे मानले जात नव्हते. आर्थिक ठरावाच्या वादात दोन्ही बाजूंना एकत्र ठेवण्याचे काम तेच करीत होते. त्यांनी मत दिले ते रेड्डींना. चार विरुद्ध दोन मतांनी पंतप्रधानांची निवड डावलली गेली.

त्यांना कुंपणावरचे म्हणून हिणवणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा तपासावा असे मला वाटते. प्रत्यक्ष पंतप्रधानांच्या विरोधात, त्यांच्यासमोर मत देणे हे कुंपणावरच्या माणसाचे काम नव्हे.

पुढचा महिना विलक्षण वेगाने गेला. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ तारखेला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. वराहगिरी वेंकटगिरी अपक्ष म्हणून उभे राहिले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश बजावता येत नाही. त्यामुळे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करा, असे आवाहन पंतप्रधानांच्या गटाने केले आणि खासदार व आमदारांची पक्षाशी बांधलेली मते मोकळी झाली. जनसंघ व स्वतंत्र पक्षांचा पाठिंबा लाभलेले तिसरे प्रमुख उमेदवार आपलेच चिंतामणराव देशमुख होते, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. पहिल्या पसंतीने कोणालाच आवश्यक मतमूल्य मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ एवढे मतमूल्य मिळाले. अवघ्या १४,६५० च्या फरकाने अधिकृत उमेदवार पडला.

यशवंतरावांनी रेड्डींची साथ सोडली नव्हती. नोव्हेंबरात पक्ष फुटला तेव्हा मात्र ते इंदिराजींबरोबर राहिले. या दोन निर्णयांत विसंगती आहे असे म्हणता येईल. माझ्या मते, उमेदवार निवडताना मन मोकळे ठेवणे आणि निवड झाल्यावर बहुसंख्यांबरोबर जाणे, ही त्यांची जुनीच रीत होती. तिची किंमत त्यांना मोजावी लागली. जून १९७० मध्ये गृहखाते पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतले व यशवंतरावांना अर्थखाते दिले. १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. पंतप्रधानपद मात्र त्यांच्यापासून दूरच राहिले.

त्यातल्या त्यात जवळ आले ते १९७९ च्या जुलैत. बंगळूरला ज्यांच्या बरोबरीने त्यांनी मत दिले होते, त्या मोरारजींच्या सरकारवर त्यांनीच अविश्वासाचा ठराव मांडला. सरकार गेले. राष्ट्रपती त्या वेळी संजीव रेड्डीच होते. सरकार बनविता येते का हे पाहण्यासाठी त्यांनी प्रथम यशवंतरावांना पाचारण केले, पण आवश्यक संख्याबळ जमले नाही. अखेर चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधानपदाची शपथ त्यांनी रेड्डींच्याच हस्ते घेतली.

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत यशवंतरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड 'कृष्णाकाठ' प्रसिद्ध झाला. तो १९४६ पाशी थांबतो. बंगळूरची हकीकत ज्या खंडात आली असती तो त्यांच्या हातून लिहून झालाच नाही.