हिशेबी कुंभार : जोसाया वेजवुड

पालकहो आणि विद्यार्थी मित्रांनो, यशस्वी कारखानदारांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा भांडवल, यंत्रे आणि नशीब याच गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर येतात. आज ज्याची हकीकत मी तुमच्यापुढे ठेवीत आहे, त्याच्याजवळ सुरुवातीला यांपैकी काहीच नव्हते. तो जातिवंत कुंभार होता, एका पायाने अधू होता आणि वयाच्या नवव्या वर्षीच त्याची शाळा सुटली होती. त्याचे नाव जोसाया वेजवुड. पुढे दोन शतकांहून अधिक काळ हे नाव उत्तम बशा-पेल्यांच्या बुडाशी उमटत राहिले. त्याने धंदा कसा चालविला, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात बर्स्लेम नावाचे गाव आहे. तेथे १७३० साली जोसायाचा जन्म झाला. बारा भावंडांत तो सर्वांत धाकटा. गाव सारे मडकी भाजणाऱ्यांचे. लोक माती खणायला लांब कशाला जातील? रस्त्यातच खड्डे करीत. १७३९ साली वडील वारले, कारखाना थोरल्या भावाकडे गेला आणि जोसाया त्याच्या हाताखाली कामाला लागला. दोन-तीन वर्षांत गावात देवीची साथ आली. मुलगा वाचला, पण त्याचा उजवा गुडघा कायमचा कमजोर झाला. १७४४ साली भावाकडे पाच वर्षांच्या उमेदवारीचा करार झाला. परंतु त्या काळी कुंभाराचे चाक पायाने फिरवावे लागे, आणि तेच त्याला जमेना.

येथे आपल्यापैकी कितीतरी आईबापांनी कपाळाला हात लावला असता. कुंभाराच्या पोराला चाक जमत नाही, मग त्याने करायचे काय? जोसाया मातीच्या मिश्रणाकडे, साच्यांकडे आणि झिलईकडे वळला. कोणती माती किती घ्यावी, भट्टीत कोठे ठेवावी, झिलई का तडकते, असले प्रश्न त्याला पडू लागले. उमेदवारी संपल्यावर भावाने त्याला भागीदारी नाकारली. १७५४ साली टॉमस व्हिल्डन या नामांकित कुंभाराने त्याला भागीदार करून घेतले, आणि तेथे १७५९ साली त्याने प्रयोगांची एक वही सुरू केली. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक, कोणते द्रव्य किती घेतले, भट्टीत काय झाले, सगळे लिहिलेले. कृती दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून खुणांची भाषा! बिघडलेला तुकडा इतर कुंभार फेकून देत. हा गृहस्थ त्याची नोंद ठेवी.

त्याच वर्षी त्याने बर्स्लेममध्ये भाड्याची जागा घेऊन स्वतःचा कारखाना थाटला. सायीच्या रंगाची, हलकी आणि गुळगुळीत अशी भांडी त्याने प्रयोगांनी सुधारली. १७६५ साली राणी शार्लटसाठी चहाच्या भांड्यांच्या संचाची मागणी त्याच्याकडे आली. काम अवघड होते, ते त्याने पुरे केले. राणीच्या परवानगीने त्या मालाला राणीचे नाव मिळाले आणि मग सरदार-दरकदारांची रीघ लागली. दरबारी कामातून नफा थोडा आणि त्रास फार, हे त्याला ठाऊक होते. पण राणीच्या टेबलावर जे दिसते ते उद्या वकिलाच्या बायकोला हवे असते, हेही तो ओळखून होता.

माल उत्तम झाला तरी तो नेणार कसा? बर्स्लेमचे रस्ते असे की खेचरा-घोड्यांच्या पाठीवर टोपल्या घालून माल न्यावा लागे आणि वाटेत बराचसा फुटे. फुटलेल्या भांड्याची मजुरी, माती आणि कोळसा तर वाया जातोच. वेजवुडने शेजाऱ्यांना जमवून कालव्यासाठी खटपट केली. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याचा कायदा १७६६ साली झाला, पहिली कुदळ त्यानेच मारली आणि त्या कामाचा खजिनदारही तोच झाला. १७७७ साली कालवा पुरा झाला. या कालव्याच्या मार्गावरच त्याने जमीन घेऊन नवा कारखाना बांधला आणि त्याला इट्रुरिया हे नाव दिले. तो १७६९ साली सुरू झाला.

मध्यंतरी, १७६८ च्या मे महिन्यात, तो दुखरा पाय शेवटी कापावा लागला. तेव्हा भूल देण्याचे औषध निघाले नव्हते. माणूस खुर्चीत बसून राहिला. त्या दिवसाची आठवण तो पुढे दरवर्षी थट्टेने साजरी करीत असे. लाकडी पाय ठोकीत तो कारखान्यात फिरे आणि डाग असलेले भांडे दिसले की जागच्या जागी फोडी, असे सांगतात.

आता कारखान्याच्या आत जाऊ या. वेजवुडच्या आधी एकच कारागीर माती मळण्यापासून भट्टीपर्यंत थोडे थोडे सगळे करी. कामावर येण्याची वेळ नक्की नसे. सोमवार तर जणू हक्काच्या सुटीचाच. जत्रा आली की आठवडाभर भट्टी थंड. दारू कारखान्यातच चाले. वेजवुडने कामाचे भाग पाडले. मळणारा वेगळा, चाकावरचा वेगळा, साच्यावरचा, झिलईचा, रंगाचा असे निरनिराळे विभाग केले, आणि माल एका विभागातून दुसऱ्यात सरळ पुढे सरकेल अशी इमारतीची रचना केली. १७९० साली इट्रुरियात २७८ माणसे कामाला होती आणि त्यांपैकी अवघ्या पाचजणांना ठरावीक काम नव्हते. कामावर येण्यासाठी घंटा होती. बर्स्लेमच्या त्याच्या जुन्या कारखान्याला लोक घंटेचा कारखानाच म्हणत. वेळेवर आलेल्याची नोंद होई, उशिरा येणाऱ्याची मजुरी कापली जाई. आज आपण ज्याला हजेरी म्हणतो तिचाच हा आरंभीचा प्रकार.

पण नुसत्या घंटेने हात सुधारत नाहीत. चांगला चित्रकार बाहेर मिळेना, तेव्हा त्याने तो घरीच घडवायचे ठरविले. त्याच्या कामगारांत जवळजवळ चौथा हिस्सा शिकाऊ उमेदवारांचा होता, आणि त्यांत मुलीही होत्या. जो माणूस एकच काम वर्षानुवर्षे करतो तो त्यात तरबेज होतो हे खरे. मात्र चाकावरून भट्टीपर्यंत सगळे येणारा जुना कुंभार त्याबरोबर नाहीसा झाला, हेही सांगितले पाहिजे. वेजवुडने कामगारांसाठी घरे बांधली, आजारपणाच्या फंडाला मदत केली आणि झिलईतील शिसे अंगात जाऊ नये म्हणून स्वच्छतेचे नियम घातले. दंडाची यादीही लांबलचक होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान मुलेही कामाला होती. मला हा माणूस थोर वाटतो, पण तो प्रेमळ मालक होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १७८३ साली धान्य महागले तेव्हा इट्रुरियाजवळच लोकांनी धान्याची होडी अडविली, लष्कर बोलवावे लागले आणि पुढे एकाला फाशी झाली. वेजवुडने पत्रक काढून तरुणांना शांत राहण्यास सांगितले. पोट रिकामे असताना पत्रक कितपत पटले असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

आता १७७२ सालाकडे वळतो. ज्या पालकांचा छोटा-मोठा धंदा आहे त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

त्या वर्षी जून महिन्यात लंडनमधील एका पेढीचा भागीदार पैसे बुडवून पळाला आणि त्या धक्क्याने एकामागून एक पेढ्या बसल्या. उधारी आटली. गिऱ्हाइके थांबली. वेजवुडच्या वखारीत माल साठत चालला आणि हातात रोकड नाही. इतकी वर्षे विक्री वाढत होती, मग पैसा कोठे गेला? अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात : सरसकट मजुरी कापणे किंवा सरसकट भाव उतरविणे. वेजवुडने दोन्हींच्या आधी वह्या उघडल्या. एकेका नगाला माती किती, कोळसा किती, साचा किती दिवस टिकतो, मजुरी किती, फुटतूट किती, कारकुनाचा पगार आणि जागेचे भाडे त्याच्या वाट्याला किती येते, हे तो मांडीत बसला.

मित्रांनो, वर्गात आम्ही नफा-तोट्याची उदाहरणे सोडवून घेतो. त्यांत खरेदीची किंमत पुस्तकानेच दिलेली असते. कारखान्यात ती कोणी देत नाही; शोधून काढावी लागते. वेजवुडलाही तोपर्यंत आपल्या मालाची खरी पड किंमत माहीत नव्हती, आणि तो तर देशातील नामवंत कुंभार!

या मांडणीतून त्याला एक गोष्ट दिसली. साचे करणारा, भाडे, वखार, कारकून, कोठारवाला यांचा खर्च घड्याळाच्या काट्यासारखा चालूच राहतो. माल हजार नग निघो की शंभर, तो फारसा कमी होत नाही. म्हणजे माल जितका जास्त निघेल तितका एका नगावरचा हा बोजा हलका. भिवंडी-मालेगावच्या लूमवाल्याला हे वेगळे सांगायला नको. माग बंद राहिला म्हणून भाडे थांबत नाही. पण मनात ठाऊक असणे वेगळे आणि आकड्याने वहीत लिहिणे वेगळे. वेजवुडला हेही कळले की काही फुलदाण्या दिमाखदार खऱ्या, पण त्यांचे इतके प्रकार आणि इतके थोडे नग होत की साच्याचाच खर्च अंगावर येई. लंडनच्या कचेरीतील हिशेबात अफरातफर झाल्याचेही याच सुमारास बाहेर आले. तेव्हापासून दर आठवड्याचा हिशेब कारखान्यात आलाच पाहिजे असा दंडक झाला.

मग त्याने भाव ठरविले, ते या आकड्यांवरून. बड्या लोकांच्या महालात फुलदाण्या पुरेशा मिरवून झाल्या होत्या. आता मध्यम वर्गाला परवडेल अशा किमतीत त्याच घाटाचा माल मोठ्या प्रमाणावर काढायचा आणि कायमचा खर्च जास्त नगांवर पसरायचा, असे त्याने ठरविले. मजुरीवरही त्याची कात्री चालली, हे नाकारता येत नाही. पण धंदा बुडाला नाही.

विकण्याची बाजू त्याचा भागीदार टॉमस बेंटली सांभाळी. हा लिव्हरपूलचा शिकलेला, चार भाषा जाणणारा व्यापारी. वेजवुडला लोकांची आवड कळायची ती बहुधा बेंटलीच्या डोळ्यांनी. लंडनला त्यांनी मालाचे दालन उघडले. तेथे टेबले मांडून ठेवलेली असत आणि मांडणी वरचेवर बदलली जाई, म्हणजे पुन्हा येणाऱ्याला नवे काही दिसावे. माल पसंत न पडल्यास परत घेण्याची हमी, पोहोचविण्याचा खर्च स्वतःकडे, निरनिराळ्या भाषांत छापलेल्या सूच्या, फिरते विक्रेते, हे सारे त्यांनी त्या काळी केले. रशियाच्या कॅथरीन राणीसाठी १७७३-७४ मध्ये ९५२ नगांचा संच तयार झाला, त्यावर इंग्लंडातील देखावे रंगविले होते. नफा बेताचाच राहिला; पण पाठविण्यापूर्वी तो लंडनमध्ये प्रदर्शनात ठेवला आणि शहर बघायला लोटले. १७८० साली बेंटली वारला. वेजवुडला तसा जोडीदार पुन्हा मिळाला नाही.

भट्टीच्या उष्णतेचा प्रश्न अजून सुटला नव्हता. जुना भट्टीवाला ज्वाळेचा रंग पाहून अंदाज करी. तो आजारी पडला की अंदाजही आजारी. माती तापली की आकसते. यावरून वेजवुडने मातीच्या छोट्या गोट्या करून, भट्टीतून काढल्यावर त्या किती आकसल्या हे मोजण्याची एक पट्टी बनविली. या साधनाचा निबंध १७८२ साली रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि पुढच्याच वर्षी नवव्या वर्षी शाळा सुटलेला हा कुंभार त्या विद्वत्सभेचा सभासद झाला. जेम्स वॅट, प्रीस्टली, इरॅस्मस डार्विन यांच्यासारख्यांशी त्याची मैत्री होती. पुढे त्याची मुलगी याच डार्विन घराण्यात गेली. सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन हा तिचा मुलगा.

आणखी एक गोष्ट नफ्याच्या रकान्यात बसणारी नाही. १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ सुरू झाली तेव्हा साखळदंडात गुडघे टेकून बसलेल्या गुलामाचे चित्र असलेली छोटी पदके त्याने आपल्या कारखान्यात बनविली आणि फुकट वाटली. लोक ती अंगावर दागिन्यासारखी घालू लागले. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनलाही त्याने ती पाठविली. साखरेच्या मळ्यांचे मालक त्याचे बशा घेणारे गिऱ्हाईक होऊ शकत होते, हे लक्षात घ्या.

३ जानेवारी १७९५ रोजी तो वारला. बापाने धाकट्यासाठी वीस पौंड लिहून ठेवले होते. तो मागे सुमारे पाच लाख पौंडांची मालमत्ता ठेवून गेला. १९४० साली कारखाना जवळच्या बारलॅस्टन गावी हलू लागला, इट्रुरियाच्या भट्ट्या १९५० साली बंद झाल्या आणि २००९ साली कंपनीवर दिवाळ्याची पाळी येऊन ती दुसऱ्यांच्या हाती गेली. जुना संग्रह विकला जाण्याची वेळ आली तेव्हा २०१४ साली लोकांनी वर्गणी जमवून तो वाचविला. त्यात त्याची पत्रे आहेत, नक्षीचे साचे आहेत, आणि क्रमांक घातलेले मातीचे हजारो नमुन्याचे तुकडे आहेत.