एव्हरार्ड कॅल्थ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप (३ मार्च १८५७ – ३० मार्च १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंते व संशोधक होते. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी–बार्शी हा अरुंद रेल्वेमार्ग आणि त्यावर धावणारी वाफेची इंजिने व डबे ही त्यांची प्रमुख कामगिरी मानली जाते. हाच मार्ग पुढे पूर्वेस लातूरपर्यंत आणि पश्चिमेस मिरजेपर्यंत वाढला व लोकांच्या तोंडी ‘बार्शी लाइट’ या नावाने रुळला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली.

प्रारंभिक जीवन

कॅल्थ्रॉप यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले. त्यांचे धाकटे बंधू गाय कॅल्थ्रॉप हेही रेल्वे व्यवसायात शिरले आणि लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या महाव्यवस्थापकपदापर्यंत पोहोचले. एव्हरार्ड यांचे शिक्षण अपिंगहॅम येथील शाळेत झाले. त्यानंतर त्यांनी इंजिने बांधणाऱ्या रॉबर्ट स्टीफन्सन अँड कंपनीत व पुढे क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली. इंजिन कसे बांधतात आणि ते कोठे व का बिघडते, याचे ज्ञान त्यांना कारखान्यातच मिळाले.

भारतातील नोकरी

१८८२ मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून भारतात आले. या कंपनीचा मुंबईहून सोलापूर-रायचूरकडे जाणारा मार्ग ५ फूट ६ इंच रुंदीचा होता. तो ज्या गावांजवळून जाई त्यांचा व्यापार वाढला, मात्र मार्गापासून वीस-पंचवीस मैल आत असलेल्या बाजारपेठांना बैलगाडीशिवाय पर्याय नव्हता. बार्शी ही त्यांपैकीच एक. कापूस व धान्याची ही मोठी पेठ सर्वांत जवळच्या स्थानकापासून २१ मैलांवर होती, आणि त्या स्थानकाला नावही ‘बार्शी रोड’ असेच होते. आजचे कुर्डुवाडी ते हेच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटांवर गाड्या रुतत आणि माल अडून पडे.

अशा पेठांना मुख्य मार्गाशी जोडणाऱ्या स्वस्त पूरक रेल्वेची कल्पना कॅल्थ्रॉप यांनी १८८० च्या दशकाच्या मध्यास मांडली. त्यासाठी त्यांनी पाहणी केली आणि कंपनीही नोंदविली. परंतु सरकार व रेल्वे कंपन्या यांच्याशी चाललेल्या वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळल्या. दरम्यान त्यांची नोकरी सुटली. ते इंग्लंडला परतले व सल्लागार अभियंता म्हणून स्वतंत्र व्यवसाय करू लागले. बार्शीच्या मार्गासाठी अखेर १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिचे सल्लागार अभियंता म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. कल्पना मांडण्यापासून कंपनी उभी राहण्यापर्यंत सुमारे दहा वर्षे गेली होती.

बार्शीचे इंजिन

या मार्गासाठी २ फूट ६ इंच (७६२ मिलिमीटर) रुंदी ठरविण्यात आली. एवढ्या रुंदीचा रेल्वेमार्ग भारतात नवा नव्हता. बडोद्याच्या गायकवाडांच्या डभोई रेल्वेची रुंदी तीच होती आणि त्या मार्गावर सुरुवातीस चक्क बैल गाड्या ओढत. कॅल्थ्रॉप यांचे वेगळेपण रुंदीत नव्हते. रूळ, पूल, इंजिन व डबे यांचा विचार सुटासुटा न करता एकाच मापाने करावा, हा त्यांचा आग्रह होता. ते माप म्हणजे चाकांच्या प्रत्येक जोडीवर, अर्थात एका ॲक्सलवर, येणारा भार. तो पाच टनांपेक्षा जास्त असता कामा नये, असे त्यांनी ठरविले.

या मर्यादेमागील हिशेब साधा आहे. रुळावर ताण पडतो तो गाडीच्या एकूण वजनाचा नव्हे, तर एका ठिकाणी टेकणाऱ्या चाकांच्या वजनाचा. त्या काळच्या अनेक लहान रेल्वेंत डबे हलके असत आणि इंजिन मात्र जड. म्हणजे केवळ इंजिनासाठी महाग रूळ टाकावे लागत व त्या रुळांची ताकद डब्यांच्या कामी येत नसे. कॅल्थ्रॉप यांनी इंजिन आणि भरलेला डबा या दोहोंचा ॲक्सलभार सारखाच ठेवला. त्यामुळे यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, आणि त्याच रुळांवरून मालाचे मोठे, बोगीवर बसविलेले डबे नेता आले.

इंजिनाची मागणी लीड्स येथील किट्सन अँड कंपनीकडे नोंदविण्यात आली. मागणी वरकरणी परस्परविरोधी होती: इंजिन जड गाडी ओढण्याइतके समर्थ हवे, पण रुळाला हलके वाटले पाहिजे. वाफेच्या इंजिनाची ओढ शेवटी चाके रुळाला किती घट्ट धरतात यावर, म्हणजे चालक चाकांवरील वजनावर अवलंबून असते. पाच टनांच्या मर्यादेत हे वजन वाढवायचे तर चालक चाकांच्या जोड्या वाढविणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून चार जोड्या, म्हणजे आठ चाके, दांड्यांनी एकमेकांना जोडण्यात आली व मागे चार चाकांची बोगी देण्यात आली. रेल्वेच्या परिभाषेत ही ०-८-४ रचना होय. कोळसा व पाणी इंजिनावरच असल्याने वेगळा टेंडर लागत नसे. सहा ॲक्सल आणि प्रत्येकी पाच टन, म्हणजे संपूर्ण इंजिन तीस टनांच्या आत राहिले. अडीच फुटी रुळावर ते अंगाने चांगलेच भारदस्त दिसे. अशी पाच इंजिने बांधण्यात आली.

डब्यांचे सांगाडे लीड्स फोर्ज कंपनीने दाबलेल्या पोलादी पत्र्यांतून घडविले. जोडकामाच्या सांगाड्यापेक्षा असा सांगाडा हलका व मजबूत असे, आणि डब्याचे स्वतःचे वजन घटल्याने तेवढा माल अधिक भरता येई.

माल जहाजावर चढविण्यापूर्वी कॅल्थ्रॉप यांनी लीड्सजवळच्या न्यूले येथे एक तात्पुरता चाचणीमार्ग टाकून घेतला. तीव्र वळणे व चढ मुद्दाम ठेवून त्यावर इंजिन आणि डबे चालवून दाखविण्यात आले. ते पाहण्यास रेल्वे अभियंत्यांना बोलाविण्यात आले होते. दहा वर्षे कागदावर ऐकून घेतलेली शंका त्यांना रुळावर फेडायची होती, असे म्हणता येईल. कुर्डुवाडी–बार्शी मार्ग १८९७ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

मार्गाचा विस्तार

बार्शीपर्यंतचा मार्ग यशस्वी ठरल्यावर तो पूर्वेकडे वाढविण्यात आला. बार्शी ब्रिटिश मुलखात होती. त्यापुढील एडशी व लातूरचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रेल्वे १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. याच सुमारास मराठवाड्याच्या उत्तर भागात मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग नांदेडवरून जाऊ लागला होता. त्यामुळे लातूर व नांदेड या दोन शेजारी पेठांची रेल्वे वेगवेगळ्या मापांची राहिली. लातूरचा माल कुर्डुवाडीस उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. ही उतराई-चढाई हा अरुंद मार्गाचा कायमचा दोष होता. तरीही लातूरची पेठ या रेल्वेमुळे मुंबईशी जोडली गेली. शहराची प्रसिद्ध गंजगोलाई ही बाजारपेठ त्यानंतर काही वर्षांतच उभी राहिली.

पश्चिमेकडील फाटा पंढरपूरला गेला. आषाढी-कार्तिकीला या छोट्या गाड्यांवर वारकऱ्यांची झुंबड उडे. १९२७ मध्ये मार्ग मिरजेपर्यंत पूर्ण होऊन त्याची एकूण लांबी २०२ मैल झाली. कॅल्थ्रॉप यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

इतर रेल्वे

माल उतरवून पुन्हा भरण्याचा दोष कॅल्थ्रॉप यांना ठाऊक होता. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर येथील लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी त्यावर एक तोड काढली. रुंद मार्गाचा संपूर्ण डबाच ज्यावर चढविता येईल, अशी ठेंगणी वाहक गाडी त्यांनी तयार केली. १९०४ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाची रुंदीही अडीच फूट होती. त्यासाठी किट्सन कंपनीने बांधलेल्या दोन इंजिनांपैकी एकास कॅल्थ्रॉप यांचेच नाव देण्यात आले. ही इंजिने दिसण्यात बार्शीच्या इंजिनांच्या घराण्यातील वाटत. इंग्लंडच्या हिरव्या दरीत ती काहीशी परकीच दिसत. हा मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस रेल्वेच्या रूपांतराच्या कामातही ते सल्लागार होते.

हवाई छत्री

१९१० मध्ये कॅल्थ्रॉप यांचे मित्र व रोल्स-रॉइस कंपनीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स यांचा बोर्नमथ येथे विमान कोसळून मृत्यू झाला. त्यानंतर कॅल्थ्रॉप हवाई छत्रीच्या कामास लागले. त्यांच्या ‘गार्डियन एंजल’मध्ये छत्री विमानाला जोडलेल्या पेटीत घडी घालून ठेवलेली असे, उडी मारणाऱ्याच्या वजनाने ती ओढली जाऊन उघडे.

पहिल्या महायुद्धात त्यांनी ही छत्री ब्रिटिश हवाई दलाला देऊ केली. चाचण्या झाल्या. १९१७ मध्ये, शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतील एक सदस्य ऑर्ड-लीस यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून छत्रीसह उडी मारून तिची विश्वसनीयता दाखविली. तरीही युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश वैमानिकांना छत्री मिळाली नाही. तिचे वजन व आकारमान ही कारणे खरी होती. पण छत्री असल्यास वैमानिक विमान लवकर सोडून देतील, ही अधिकाऱ्यांतील भावनाही त्यामागे होती असे मानले जाते. निरीक्षण फुग्यांतील सैनिकांना मात्र छत्र्या दिल्या जात, आणि १९१८ मध्ये जर्मन वैमानिकही त्या वापरू लागले. ‘गार्डियन एंजल’चा उपयोग झाला तो शत्रूच्या प्रदेशात हेर उतरविण्यासाठी, ऑगस्ट १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर ॲलेसांद्रो तांदुरा हा सैनिक याच छत्रीने उतरला.

अखेरची वर्षे

कॅल्थ्रॉप एसेक्समधील लाउटन येथे राहत व अरबी घोड्यांची पैदास करीत. घोड्यांना धाक न दाखविता शिकविण्याविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. छत्रीच्या कामातून त्यांना अपेक्षित यश मिळाले नाही. ३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी–लातूर मार्गाचे रुंदीकरण झाले. जुना मार्ग उस्मानाबाद (धाराशिव) शहर टाळून एडशीवरून जात असे. नवा मार्ग शहरातून नेण्यात आला. त्यामुळे कॅल्थ्रॉप यांच्या मूळ आखणीचा काही भाग आज रुळांविना पडून आहे.

लीक अँड मॅनिफोल्डची दोन्ही इंजिने भंगारात गेली. तरीही रेल्वेच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या छंदिष्टांत ती लोकप्रिय आहेत. मूळ इंजिन मोजायला उपलब्ध नसल्याने प्रतिकृती, मग ती पितळेची असो वा संगणकावरील सिम्युलेटरसाठीची, आराखडे आणि छायाचित्रे यांवरूनच घडवावी लागते. सिम्युलेटरमध्ये बाह्य रूप हुबेहूब असून भागत नाही. चालक चाकांवरील भार चुकीचा दिला तर चढावर इंजिन घसरायला हवे तेथे घसरत नाही. लीक अँड मॅनिफोल्डचा लोहमार्ग उखडून त्या जागी पायवाट करण्यात आली आहे. कुर्डुवाडी येथे अरुंद मार्गाच्या काळातील रेल्वे कारखाना पुढेही चालू राहिला.